नीटमध्ये ४०२: एमबीबीएस हुकल्यानंतरचे चार महिने

हे प्रकरण कोणा एकीचे नाही. सोलापुरात दर वर्षी जून ते दिवाळी या काळात घराघरांत जे घडते, त्यातले तपशील जोडून ते उभे केले आहे. गुण, पैसे आणि कागद मात्र हिशेब मांडता येईल इतके नेमके ठेवले आहेत, कारण या विषयात मोघम सल्ल्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते.

घर आणि निकाल

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात जॉबर, आई घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न चार लाखांच्या आसपास. प्रवर्ग ओबीसी. मुलीने बारावीबरोबर २०२४ला नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा दिली, ४७० गुण आले. मग एक वर्ष लातूरला: क्लासची फी, खोली, मेस मिळून एक लाख नव्वद हजार. २०२५ला ४०२.

निकाल १४ जून २०२५ला लागला आणि घरात एकच वाक्य फिरू लागले: "वर्ष घालवून पोरीचे ६८ मार्क कमी झाले." मामा म्हणाले आता बी.एस्सी.ला घाला. वडिलांच्या ओळखीतल्या एकाने परदेशातल्या एमबीबीएसचे माहितीपत्रक आणून दिले. मुलगी आणखी एक वर्ष मागत होती. तिघांचाही पाया एकच होता, आणि तो चुकीचा होता.

गुण घसरले होते, क्रमांक मात्र वर गेला होता. २०२४च्या नीटमध्ये ७२०पैकी ७२० मिळवणारे अनेक होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ला थांबली. २०२५ला भौतिकशास्त्राचा पेपर इतका अवघड निघाला की देशातला पहिला विद्यार्थी ६८६वर राहिला आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४वर आली, ओबीसीची ११३वर. दोन वर्षांचे गुण म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजने. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या गुणपत्रकावर गुणांशेजारीच पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे आहेत तो आकडा, छापलेला असतो. तो बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. या मुलीचा तो घसरला नव्हता, उलट थोडा वाढला होता. लातूरचे वर्ष वाया गेले नव्हते, पण एमबीबीएसला पुरेही पडले नव्हते.

का पुरले नाही, तेही आकड्यांतच दिसते. २०२५ला २२ लाख ९ हजारांहून अधिक जणांनी परीक्षा दिली, १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे दहा 'पात्र'. पात्र झाल्याचे पेढे वाटताना हे लक्षात राहत नाही. पात्रतेने रांगेत उभे राहता येते, एवढेच. अर्थात ते उभे राहणेही कामाचे असते, कारण बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि परदेशातले एमबीबीएस या सगळ्यांना हीच पात्रता लागते.

पेपरची चिरफाड

तिसरा प्रयत्न करायचा की नाही हा प्रश्न घरात 'इच्छा आहे का' असा विचारला जातो. इच्छा असतेच. विचारायचे ते उत्तरतालिकेला. एनटीए ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि अंतिम उत्तरतालिका देते. दोन्ही समोर ठेवून १८० प्रश्नांचा तक्ता करायला एक संध्याकाळ लागते. या मुलीचा तक्ता असा निघाला.

भौतिकशास्त्र ४५ प्रश्न: १५ बरोबर, २० चूक, १० सोडलेले, गुण ४०. रसायनशास्त्र ४५: २७ बरोबर, १२ चूक, ६ सोडलेले, गुण ९६. जीवशास्त्र ९०: ७० बरोबर, १४ चूक, ६ सोडलेले, गुण २६६. बेरीज ४०२.

"निगेटिव्हने मारले" ही तक्रार इथे टिकत नाही. ४६ चुकांनी ४६ गुण गेले, हे खरे. पण त्या सगळ्या कोऱ्या सोडल्या असत्या तरी ४४८च झाले असते. शिवाय बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ या पद्धतीत चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, आणि दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोघांतून निवडला तर दीड गुण. अंदाजाने उत्तर देणे ही चूक नव्हती. अंदाज करावा लागलेले प्रश्नच फार होते, ही खरी अडचण.

भौतिकशास्त्रातल्या २० चुका पुन्हा एकेक करून सोडवल्यावर त्यांचे तीन गट पडले. सातांमध्ये सूत्र बरोबर, आकडेमोड किंवा एकक चुकलेले: सेंटिमीटरचे मीटर न करणे, १०चा घात उलटा धरणे. चारांमध्ये दोन पर्यायांतला अंदाज हुकलेला. उरलेल्या नऊ प्रश्नांत नेमके काय विचारले आहे हेच उमगले नव्हते, आणि त्यांतले बहुतेक रोटेशनल मोशन, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट इलेक्ट्रिसिटी या तीनच प्रकरणांतले. पहिला गट सरावाने दोन महिन्यांत सुधारतो. तिसऱ्याला अकरावीपासून पुन्हा बसावे लागते.

मग उलटा हिशेब. भौतिकशास्त्रात ३५ सोडवून २६ बरोबर आणले तर ९५ गुण. रसायनात ३४ बरोबर, ७ चूक म्हणजे १२९. जीवशास्त्रात ७८ बरोबर, ८ चूक म्हणजे ३०४. एकूण ५२८. रसायन आणि जीवशास्त्रातली वाढ एनसीईआरटीच्या ओळी पक्क्या करून येण्यासारखी आहे. भौतिकशास्त्रात मात्र १५चे २६ करायचे, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. सगळा निर्णय या एका आकड्यावर येऊन थांबला.

नीटला आता वयाची वरची अट नाही आणि प्रयत्नांनाही मर्यादा नाही. क्लासवाले हे आश्वासन म्हणून सांगतात. घराच्या दृष्टीने तीच काळजीची गोष्ट आहे, कारण थांबायचे कुठे हे नियम सांगणार नाही, आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून इथे ते आधी ठरवून कागदावर लिहिले: जुलै-ऑगस्टमध्ये सहा रविवारी, दुपारी २ ते ५ याच वेळेत, २०२५च्या काठिण्याचे सहा पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवायचे. घरी नाही, अभ्यासिकेत, ओएमआर पत्रिकेवर. शेवटच्या तीन पेपरांत भौतिकशास्त्राची सरासरी ९० किंवा वर आली तर तिसरा प्रयत्न. नाही आली तर मिळेल त्या चांगल्या जागेवर प्रवेश, आणि नीटचा विषय बंद. दोन महिन्यांच्या मेहनतीने ४०चे ९० होणार नसतील, तर दहा महिन्यांत होतील असे मानायला आधार उरत नाही. हा निकष कडक आहे. पण १ लाख ९० हजार पुन्हा घालण्याआधी इतका कडकपणा परवडतो.

कागद: जिथे गुण असूनही जागा जाते

पेपर सोडवणे चालू असताना वडिलांच्या वाट्याला दुसरे काम होते, आणि खरे सांगायचे तर तेच जास्त जोखमीचे होते.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. ते होते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या काही मुलांची दहावी विजयपूर किंवा कलबुर्गीकडे झालेली असते; ती इथे अडकतात आणि घरच्यांना ते फॉर्म भरताना कळते. जातीचा दाखला होता. जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. दाखला आणि वैधता एकच, असा समज अजूनही सर्रास आहे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि तिला जुना पुरावा लागतो. ओबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे त्या तारखेच्या आधी घराण्यातल्या कोणाच्या तरी कागदावर जातीची नोंद दिसली पाहिजे. वडिलांचा जन्म त्यानंतरचा, तेव्हा आजोबांकडे जावे लागले.

आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामाला होते; शिकलेले कन्नड शाळेत, चौथीपर्यंत. शाळा सोडल्याचा दाखला कधीच हरवला होता. अशा वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा, ज्याला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. शाळा बंद झाली असेल तर तिचे दप्तर कुठल्या शाळेत वर्ग झाले, हे महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारावे लागते. इथे रजिस्टर सापडले, पण नोंद कन्नडमध्ये आणि नाव 'मलप्पा'. आधारवर, रेशनकार्डावर आणि मिलच्या कागदांवर 'मल्लिनाथ'. सोलापूरच्या कन्नड आणि तेलुगू घरांत हे हमखास होते: शाळेत बोलीतले नाव, पुढे मराठी कागदांवर सुधारलेले. समितीने त्रुटी काढली.

त्रुटी म्हणजे नकार नव्हे. पण एसएमएस आणि लॉगिन न पाहणाऱ्याला ती नकारासारखीच पडते, कारण प्रकरण जागेवर थांबते आणि कोणी फोन करत नाही. पूर्तता अशी झाली: कन्नड उताऱ्याचे प्रमाणित भाषांतर, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, चुलत आजोबांच्या घराण्यात आधीच मिळालेल्या वैधतेची प्रत, आणि वंशावळ पुन्हा नीट लिहून. नमुना ३ आणि नमुना १७ची प्रतिज्ञापत्रे आधी जोडलेली होती. वंशावळीत मात्र एका काकांचे नाव राहिले होते. नेमक्या त्याच काकांच्या मुलाची वैधता जोडलेली, म्हणजे नाते सिद्ध करणारी साखळीच तुटलेली. जात तीच, पुरावा खरा, आणि तरीही प्रकरण सहा आठवडे पडून, केवळ एका नावासाठी.

हे काम अकरावीत कॉलेजमार्फत अर्ज करून सुरू करायचे असते. बारावीच्या निकालानंतर धावणाऱ्याला कधी वेळ मिळतो, कधी शासन मुदत वाढवते. त्या वाढीच्या भरवशावर राहू नये. वैधता नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि राखीव जागा तर जातेच, फीची सवलतही जाते.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, ही वेगळी गोष्ट. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मुदत संपलेले घेऊन जाणारा परत पाठवला जातो. मुदत संपली असेल तर १ एप्रिलनंतर सेतू केंद्रातून नवे काढायचे. ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्क्यांत उतरायचे असेल तर केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र आणखी वेगळे. ४०२ गुणांवर त्या कोट्याचा उपयोग नव्हता, त्यामुळे तो खटाटोप केला नाही.

फीची बाजू इथेच जोडून सांगायला हवी, कारण ती याच कागदांवर उभी आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के प्रतिपूर्ती आहे. प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच हवा. अभिमत विद्यापीठ आणि संस्थास्तरावरचा कोटा यात बसत नाही. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस यांचा खर्च आपलाच. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर दर वर्षी करायचा. 'मुलींना सगळे फुकट' असे ऐकून गेलेल्या पालकांना कॉलेजच्या काउंटरवर पहिला धक्का बसतो तो विकास शुल्काच्या पावतीचा. प्रवेश घेण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी, तिच्यातला विकास शुल्काचा वाटा आणि वसतिगृहाचा दर, तिन्ही लिहून घ्यावे.

पसंतीअर्ज

महाराष्ट्रात नोंदणी सीईटी सेल या राज्याच्या प्रवेश यंत्रणेकडे एकदाच होते, पसंतीअर्ज मात्र गटानुसार वेगवेगळे. एमबीबीएस आणि बीडीएस एका गटात, बीएएमएस-बीएचएमएस-बीयूएमएस (युनानी) हे आयुषचे अभ्यासक्रम दुसऱ्यात, फिजिओथेरपीसारखे अभ्यासक्रम तिसऱ्यात. आयुषच्या फेऱ्या एमबीबीएसच्या मागून सुरू होतात, आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांत घरचा धीर सुटतो. एजंटांचे फोन नेमके याच आठवड्यांत वाढतात.

भरताना होणारी मुख्य चूक अशी: लोक 'मिळेल' ते वर आणि 'हवे' ते खाली लिहितात. यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या क्रमांकावर जे पहिले कॉलेज बसते ते देते. वर अशक्य कॉलेज लिहिल्याने खालच्याची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट मिळणारे कॉलेज वर ठेवले की त्याखालचे चांगले कॉलेज तुमच्या क्रमांकावर रिकामे असले तरी मिळत नाही. म्हणून पहिल्या ओळी सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राज्यातल्या इतर शासकीय कॉलेजांच्या, मग खासगी. मिळणार नाहीत हे माहीत असूनही.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची: नको असलेले कॉलेज 'असू दे' म्हणून लिहिणे. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. शिवाय शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत जप्त होते आणि काही फेऱ्यांत पुढच्या प्रवेशावरही गदा येते. कोणत्या फेरीत काय, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असते आणि दर वर्षी थोडेफार बदलते. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाचे काय झाले त्यावरून ठरवू नये.

बीडीएस या यादीत ठेवायचे का, यावर घरात वाद झाला. सोलापुरात केगावला दंत महाविद्यालय आहे, म्हणजे घरातून जाऊन-येऊन करता आले असते. अभ्यासक्रम ४ वर्षे आणि १ वर्ष इंटर्नशिप. पण दंतवैद्यक हे हाताचे कौशल्य आहे आणि स्वतःचा दवाखाना म्हणजे खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह अशी पहिल्या दिवशीची गुंतवणूक. मुलीला त्यात रस नव्हता. रस नसताना केवळ 'एमबीबीएसच्या गटातले आहे' म्हणून ते घेणे हा वाईट सौदा ठरला असता. यादीतून काढले, आणि ते बरोबर होते.

'२८ लाखांत डॉक्टर'

माहितीपत्रकावरचा आकडा २८ लाख, मुदत 'पाच वर्षे', आणि एजंटाचे बोलणे गोड: "काका, जागा दोनच उरल्यात, टोकन टाकून ठेवा." परदेशातले शिक्षण फसवेच असते असे नाही. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनी त्याची मापे ठरवून दिली आहेत आणि माहितीपत्रक ती मापे सांगत नाही.

अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून. त्याच संस्थेत आणखी १२ महिने इंटर्नशिप. त्या पदवीवर त्या देशातच व्यवसाय करण्याची नोंदणी मिळायला हवी. सगळे मिळून १० वर्षांच्या आत. मग भारतात एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा: ३०० प्रश्न, १५० बरोबर हवेत, वर्षातून दोनदा. ती पास झाल्यावर भारतातही १२ महिने इंटर्नशिप, आणि त्या जागा मर्यादित. कुठेच थांबावे लागले नाही तरी साडेसहा वर्षे झाली. एफएमजीईत गेल्या काही वर्षांत साधारण चार-पाचांत एकच पास झाला आहे.

एजंटाला विचारायला तीन प्रश्न लिहून दिले होते: अभ्यासक्रम महिन्यांत किती? तिथली इंटर्नशिप कुठे, आणि पदवीवर लेखी आहे का? तिथल्या स्थानिक मुलांना आणि परदेशी मुलांना मिळणारी पदवी एकच का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. एवढे पुरे होते. कर्जासाठी घर तारण ठेवावे लागणार होते, ते टळले.

याच सुमारास 'मॅनेजमेंट कोट्यातून एमबीबीएस, आत्ता पाच लाख भरा' असाही फोन आला. एमबीबीएसची कोणतीही जागा समुपदेशनाच्या फेऱ्यांबाहेर भरता येत नाही. पाच लाख मागणारा ते परत कसे देणार, हे त्यालाही माहीत नसते.

बाकीची दारे, आणि त्यांतली दोन आधीच बंद

बी.एस्सी. नर्सिंगला महाराष्ट्रात वेगळी सीईटी आहे आणि बी.फार्मसीचे मुख्य दार एमएचटी-सीईटी. दोन्हींचे अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी संपलेले असतात. मुलीने 'लक्ष विचलित नको' म्हणून दोन्ही भरले नव्हते. काही हजारांची बचत करून दोन पर्याय गमावले. नीट देणाऱ्या प्रत्येकाने हे दोन अर्ज भरून ठेवावेत. अभ्यास फारसा वेगळा करावा लागत नाही.

फिजिओथेरपी चार वर्षे आणि त्यापुढे इंटर्नशिप. शरीराशी थेट काम, आणि मागणी वाढती. डॉक्टर ही उपाधी लावावी की नाही यावर मात्र वाद चालूच: ९ सप्टेंबर २०२५ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ती लावू नये असे पत्र काढले आणि लगेच दुसऱ्या दिवशी मागे घेतले. ज्या घरात पाटीवरच्या शब्दाला महत्त्व आहे, त्यांनी हे आधी बोलून घ्यावे.

पशुवैद्यक हा सोलापूरकरांच्या नजरेतून सुटणारा पर्याय, आणि ही गंमतच आहे. पंढरपुरी म्हैस ही जात याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या नावाने ओळखली जाते, सांगोला-मंगळवेढ्याकडे खिलार बैल पाळतात, दूधसंकलन गावोगाव. तरी डॉक्टर म्हटले की माणसांचाच डोळ्यांपुढे येतो. पदवी साडेपाच वर्षांची, प्रवेश नीटच्या गुणांवर, पण सीईटी सेलच्या अर्जात ती दिसतच नाही. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा वेगळा अर्ज भरावा लागतो. शिरवळ आणि उदगीर ही त्यातली आपल्याला सोयीची महाविद्यालये. पुढे पशुधन विकास अधिकारी होण्याचा लोकसेवा आयोगाचा मार्ग आहे. अर्ज शेवटच्या दिवशी भरला गेला. प्रतीक्षायादी तिच्या क्रमांकापर्यंत आली नाही.

बीएचएमएसबद्दल एवढेच: सोलापुरात गांधी नाथा रंगजी होमिओपॅथिक महाविद्यालय आहे, आणि पदवीनंतर सीसीएमपी हा औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधे देण्याची मुभा हा या अभ्यासक्रमाचा आकर्षणबिंदू म्हणून सांगितला जातो. तिच्या विरोधात डॉक्टरांनी १८ सप्टेंबर २०२५ला राज्यभर संप केला. वादात सापडलेल्या परवानगीच्या जोरावर साडेपाच वर्षे लावू नयेत. होमिओपॅथी शिकायची असेल तर जरूर घ्यावे.

बीएएमएस साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिले व्यावसायिक वर्ष दीड वर्षाचे, आणि त्यात संस्कृत, पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाची मूलतत्त्वे), रचनाशारीर (शरीररचना) हे विषय असतात, याची कल्पना नसल्याने अनेक जण सुरुवातीलाच गडबडतात. २०२१-२२च्या तुकडीपासून नोंदणीसाठी एक्झिट टेस्टची तरतूद आहे. पुढची वाट एआयएपीजीईटी ही आयुषची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन एमडी-एमएस, आरोग्य उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, किंवा गावात दवाखाना. करमाळा-माढ्याच्या वाडीवस्तीवर पहिला डॉक्टर बहुधा बीएएमएसच असतो. ज्याला आयुर्वेदाचा मुळातच कंटाळा आहे आणि सलाईन-इंजेक्शन एवढेच दिसते, त्याने हा मार्ग धरू नये. साडेपाच वर्षे ग्रंथ वाचावेच लागतात.

रविवारचे सहा पेपर

भौतिकशास्त्राचे गुण ओळीने असे आले: ५२, ४७, ६१, ५५, ५८, ६०. शेवटच्या तिघांची सरासरी ५८च्या जरा खाली. आकडेमोडीच्या चुका सातांवरून दोनांवर आल्या, म्हणून ४०वरून ६०पर्यंत मजल गेली. तिसरा गट जवळजवळ तसाच राहिला. जीवशास्त्र मात्र एकदा ३०८ला पोचले. ९०ची रेष आधीच लिहिलेली असल्यामुळे वाद फार चालला नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही, मग तिनेच आयुषचा पसंतीअर्ज उघडला.

त्यात पहिल्या ओळी शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या, मग सोलापूरचेच शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय, कारण घरी राहून वसतिगृह आणि मेसचा खर्च वाचतो, आणि मग बाहेरगावची. खासगी कॉलेजांचा क्रम लावताना एकच गोष्ट तपासली: संलग्न रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष किती माणसे बसलेली असतात. तीन ठिकाणी वडील सुट्टी काढून जाऊन आले. एका ठिकाणी नोंदवहीत दोनशे रुग्ण होते आणि बाकड्यावर चार. ते कॉलेज यादीतून गेले.

पहिल्या फेरीत काही मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत शेजारच्या जिल्ह्यातले खासगी बीएएमएस लागले. जात वैधता आठ दिवस आधी हातात आली होती. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागदांची फाइल, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, विकास शुल्क आणि अनामतीचा डीडी, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. मूळ कागद कॉलेजकडे जमा होतात, म्हणून देण्याआधी सगळे रंगीत स्कॅन करून ठेवले आणि जमा केल्याची सहीशिक्क्याची पोच घेतली. महाडीबीटीचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. आधार आईच्या खात्याशी जोडलेले निघाले, ते मुलीच्या स्वतःच्या खात्याला जोडायला बँकेत दोन फेऱ्या झाल्या.

शेवटी तिने विचारले, बीएएमएसच्या पहिल्या वर्षात असताना पुन्हा नीट देऊ का? देता येते, नियम आडवा येत नाही. पण त्यासाठी मे महिन्यापर्यंत हजेरी आणि रचनाशारीर सांभाळून रोटेशनल मोशन करावे लागेल, आणि प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर जागा सोडली तर भरलेले पैसे परत येत नाहीत, मूळ कागद सोडवतानाही धावपळ होते. वडिलांनी तो निकषाचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. खाली तिचीच सही होती, तारीख १९ जुलै.

लातूरची भौतिकशास्त्राची पुस्तके तिने धाकट्या भावाला दिली. तो यंदा अकरावीत आहे. त्याच्या जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत त्याच महिन्यात गेला, वंशावळीत सगळ्या काकांची नावे घालून.